माझी पोर तुमच्या सुनेच्या हातात नाही

सामरवरणी, सिल्वासा
१८ नोव्हेंबर १९८९

कमळाबाई विहीणबाईंना केसरबाईचा नमस्कार.

तुमचं पत्र आलं. पाच वर्षांनी आठवण झाली. खुशाली विचारायला लिहिलेलं नाही हे पहिल्या ओळीतच कळलं, म्हणून मीही आडवंतिडवं लिहीत नाही.

तुमचं म्हणणं असं, की जयवंताची दुसरी बायको शोभा, तिच्या हाताची बोटं परत धरली. कल्पेश पोटात होता तोवर हात लोण्यासारखे होते, पोरगा तीन महिन्यांचा झाला आणि परत मूठ मिटत नाही, मिटली तर उघडत नाही. मोठ्या सोनमच्या बाळंतपणानंतरही हेच झालं होतं. आणि हे सगळं माझी दुर्गा करते. दुर्गा बाळंतपणात गेली, तिचं पोरही तिच्याबरोबर गेलं, म्हणून तिला दुसरीचं पोर बघवत नाही. शोभाला पोर उचलता येऊ नये म्हणून ती तिच्या हातात येऊन बसते. मी तिची आई, तर मी साडीचोळी करावी, ओटी भरावी, आणि तिला समजावून घेऊन जावं.

विहीणबाई, माझी पोर जिवंत होती तेव्हा तुमच्या घरात तिने न विचारता गुळाचा खडा उचलला नाही. मेल्यावर कुणाचे हात उचलेल?

तुम्ही विसरला असाल, मी नाही. तिला नेलं त्या दिवशी मसणापासून चाळीपर्यंत तुम्ही रस्त्याने मोहरी टाकत आलात. अशी मेलेली बाई दाणे वेचत बसते, घरापर्यंत पोचत नाही म्हणे. मग जयवंताच्या उंबऱ्याला खिळे ठोकलेत. तिथे थांबला असतात तर मी काही बोलले नसते. तुम्ही माझ्याही उंबऱ्याला ठोकलेत. पोरीला आईच्या घरात येता येऊ नये म्हणून. ते खिळे मी दुसऱ्या दिवशी पक्कडीने उपटून टाकले. माझी खानावळ आहे, धाग्याच्या कारखान्यातली पोरं दोन्ही वेळा जेवायला येतात, एखाद्याचा पाय फाटला असता. दुसरं काही कारण नव्हतं.

शोभाच्या गळ्यात दुर्गाच्या नावाचा चांदीचा टाक आहे, तो मी पाहिला आहे. दुसरेपणावर आलेल्या बाईने पहिलीचा टाक घालावा ही रीत आहे, त्यावर माझं काही म्हणणं नाही. शोभा माझ्यापासून दोन दारं सोडून राहते. नळ एकच आहे. मी तिच्याशी बोलत नाही, भांडतही नाही. यापेक्षा जास्त मी कुणाला समजावू शकत नाही.

केसरबाई


सामरवरणी
११ फेब्रुवारी १९९०

विहीणबाई,

तुमचं उत्तर आलं नाही. हे पत्र तरी लिहिते, कारण उद्या दुसऱ्या कुणी तुम्हाला सांगेल आणि वाढवून सांगेल.

शोभा आता दिवसभर माझ्या घरी असते. झालं असं, की नळावर तिच्या हातून हंडा सुटला. पाणी सगळ्यांच्या पायावर. पलीकडच्या गुजराती बाईने लगेच बोट दाखवलं, "जो, दुर्गाए पाड्युं." बघ, दुर्गाने पाडलं. सगळ्या बायका मागे सरकल्या, जसा हंडा नाही, साप पडला. शोभा तिथेच उभी, ओली, हात छातीशी धरून. मी तिला दंडाला धरून आत आणलं. माझ्या पोरीचं नाव नळावर घेतलेलं मला चालत नाही, म्हणून आणलं.

मी विचारलं, "हाताला काय होतं?"

"तुम्हाला माहीत आहे ना, मावशी."

"लोक काय सांगतात ते माहीत आहे. तू सांग."

तर सांगते, सकाळी हात लाकडाचे असतात. सूर्य समोरच्या पत्र्यावरून वर सरकला की थोडे हलतात. बोटांची मधली पेरं सुजून बोरांसारखी झाली आहेत, हात लावला तर गरम. चोळीची बटणं जयवंत लावतो, हे तुम्ही गावात बोलू नका. सोनमची वेणी शेजारची मुलगी घालते. कल्पेशला कोपरांनी उचलते, कणसं उचलावी तसं. मी म्हटलं, एवढं आहे तर दवाखान्यात का गेली नाहीस? तर म्हणाली, आईंनी सांगितलंय की सुई टोचली तर ती आणखी चिडेल.

आई म्हणजे तुम्ही. ती म्हणजे माझी पोर.

जयवंताने तिला गलोंड्याच्या एका भगताकडे नेलं होतं. त्याने पेरांवर बिब्बा लावला. सूज होती तिथे वर फोड आले. मी जयवंताला ताट वाढताना सांगितलं, "परत तिला तिकडे नेलंस तर दुसरी खानावळ बघ."

"मामी, मी काय करू? आई रोज निरोप पाठवते."

"आईला सांग, तू कारखान्यात डबल पाळी करतोस, ऐकायला वेळ नाही."

तो हसला. दुर्गा गेल्यापासून माझ्यासमोर पहिल्यांदा हसला. मग लाजला आणि डाळ मागितली.

शोभा चुलीजवळ बसते, ऊब मिळते. कढत पाण्याची परात देते मी तिला. परवा हात पाण्यात घालून बसली होती, म्हणाली, "मावशी, तुम्ही रागावलात माझ्यावर, मी आले म्हणून?"

मी म्हटलं, "मला काय कमी कामं आहेत?"

"मग ती तरी का रागावेल? तिला तर माझं नावसुद्धा माहीत नाही."

याचं उत्तर तुमच्याकडे असलं तर लिहा.

केसरबाई


सामरवरणी
७ ऑक्टोबर १९९०

विहीणबाई,

तुमची दोन्ही पत्रं मिळाली. शोभाला पाचवा लागला आहे. तब्येत बरी आहे. हात सुटले.

हे मी ऐकीव लिहीत नाही, डोळ्यांनी बघितलं. नागपंचमीला तिने स्वतःची वेणी स्वतः घातली. पुढे पंधरवड्यात सोनमची घातली. मग एकदा मी बाजारातून आले तर ती माझ्या परातीपाशी बसून भाकऱ्या थापत होती. पातळ, गोल, फुगलेल्या. मी दारातच उभी राहिले. भाकरी तव्यावर टाकली की दुर्गा दोन बोटं कानाच्या पाळीला लावायची, चटका बसलेला नसला तरी. शोभाने तसंच केलं.

सगळ्याच बायका करतात म्हणा. मी पिशवी ठेवली आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले. लाकडं ओली होती, धूर फार झाला होता.

आता तुमच्या दुसऱ्या पत्राचं. तुम्ही लिहिता, दुर्गाला पोर हवं आहे. पोटात पोर आहे तोवर ती आशेने बाजूला बसते, म्हणून हात सुटतात. पोर जन्मलं आणि शोभाच्या मांडीवर गेलं, की तिची आशा मोडते आणि ती परत हात धरते. म्हणून हे तिसरं पोर दुर्गाच्या नावाने माझ्या ओटीत घालायचं. ते माझ्या घरी वाढेल. दुर्गाला पोर मिळेल, शोभाला हात मिळतील. तुम्ही देवीसमोर तसं बोलूनही बसलात.

तुम्हाला काय वाटलं, मी पेढे वाटेन? हे कबूल करायचं म्हणजे माझी पोर हडळ झाली हे मी माझ्या तोंडाने कबूल करायचं. सहा वर्षं मी ज्या गोष्टीसाठी तुमचं तोंड पाहिलं नाही, ती.

मी हो म्हटलेलं नाही. हे नीट वाचा.

शोभाला विचारलं. म्हटलं, सासू बोलून बसली, तू काय म्हणतेस? ती निवडायला घेतलेली मेथी खाली ठेवून बसली. म्हणाली, "हात राहिले तर दोन पोरं माझ्या हाताने वाढवीन आणि तिसरं दोन दारांवर असेल, रोज बघीन. हात गेले तर तिन्ही पोरं लोकांनी वाढवायची. तुम्हीच सांगा."

मी चुलीकडे धावले. दूध उतू गेलं होतं.

एक जुनी गोधडी होती, दुर्गाच्या पोरासाठी शिवली होती ती. ढेकूण झाले असतील म्हणून उन्हात टाकली आहे. ही गोष्ट वाढवून कुणी सांगितली तर विश्वास ठेवू नका.

केसरबाई


सामरवरणी
२ एप्रिल १९९१

विहीणबाई,

मुलगी झाली हे जयवंताने कळवलंच असेल. सरकारी दवाखान्यात झाली, त्रास नाही. सव्वा महिना झाल्यावर शोभाने तिला न्हाऊमाखू घालून आणलं आणि माझ्या ओटीत घातलं. दोन्ही हातांनी, नीट धरून. मी पदर पसरायला विसरले, म्हातारपण.

शोभा दूध पाजायला येते. रात्री मुलगी माझ्याजवळ. तुम्ही दुर्गा नाव ठेवा म्हणता. अजून काही ठेवलेलं नाही, मी चिमी म्हणते. एकदा दुसरं नाव तोंडातून गेलं. शोभा तिथेच होती, तिने पदर सारखा केला.

हात चांगले आहेत. काल तिने डाळ वाटली, पाट्यावर, तासभर. जयवंत रोज विचारतो, "मामी, हात?" मी म्हणते, "हात जागेवर आहेत, तू तुझी मशीन बघ." कधी नव्हे तो सुटीला सगळ्यांना दादऱ्याच्या बागेत घेऊन गेला. मी गेले नाही, चिमीला ऊन लागलं असतं.

तुमचं बरोबर होतं असं समजा. मी भांडायला आता बसलेली नाही.

एक सांगते, कुणाला सांगू नका. दुपारी पहिल्या पाळीची पोरं जेवून जातात, दुसरीची कामावर असतात, खानावळ रिकामी असते. तेव्हा दारात कुणी उभं असल्यासारखं वाटतं. पूर्वीही वाटायचं. तेव्हा मी उठून बघायची आणि कुणी नसायचं. आता उठत नाही. वर बघतच नाही. चिमीचं तोंड दाराकडे करून निजवते, म्हणजे ज्याला बघायचं त्याला बघता येईल.

केसरबाई


सामरवरणी
१४ जुलै १९९१

विहीणबाई,

हात गेले.

जूनमध्ये शोभाने चिमीला पाजायला घेतलं आणि म्हणाली, मावशी, जरा धरा. तेवढंच म्हणाली. मला कळलं. आठवड्यात मनगटं, मग गुडघे. या खेपेला जबडाही धरला आहे, भाकरी दुधात कुस्करून द्यावी लागते. मागच्या दोन्ही खेपांपेक्षा वाईट.

मी चिमीला घेऊन दारात उभी राहिले. भरदुपारी, सगळ्या चाळीदेखत. म्हटलं, हे बघ, पोर माझ्या काखेत आहे. तुझ्या आईच्या काखेत. आणखी काय पाहिजे? रस्त्याने एक ट्रक गेला, धाग्याच्या पेट्यांचा. दुसरं काही झालं नाही.

तुमचं पत्र त्यानंतर आलं. तुम्ही लिहिता, दुर्गाला मुलगा हवा असणार, आणखी एकदा दिवस राहू द्या. तुम्हाला मी काय लिहू? पण वाईट हे, की शोभाही तेच म्हणते. मी तिला भरवत होते, तर म्हणाली, "मावशी, मला दिवस राहिले तर बरं होईल."

"डोकं फिरलं का तुझं?"

"नऊ महिने तरी मिळतील. नऊ महिन्यांत मी सगळं करून घेईन. सोनमला पोळ्या शिकवीन. गोधड्या शिवून ठेवीन."

"आणि दहाव्या महिन्यात?"

"तेव्हाचं तेव्हा."

"तेव्हा तुला चमच्याने भरवायचं. आणि पाचव्यासाठी परत नऊ महिने. असं किती?"

ती भिंतीकडे बघत राहिली. विहीणबाई, मी पुष्कळ बाया बघितल्या, पोर नको म्हणून रडणाऱ्या, पोर हवं म्हणून रडणाऱ्या. हातांसाठी पोर मागणारी पहिली बघितली. आणि तिला बोल लावता येईना.

आता एक गोष्ट लिहिते, ती वाचून पत्र फाडून टाका. मागच्या हिवाळ्यात, हात सुटलेले होते तेव्हा, ती माझ्या पायांना तेल लावत होती. दाबायची पद्धत अगदी दुर्गाची. टाचेपासून वर. मला राहवलं नाही. मी हळूच विचारलं, "आपल्या नंदुरबारच्या घरच्या शेळीला काय हाक मारायचो गं आपण?" दुर्गाने ते नाव ठेवलं होतं, आम्हा दोघींशिवाय कुणाला माहीत नाही.

शोभाने वर बघितलं. म्हणाली, "मावशी, तुमच्याकडे शेळी होती?"

तेवढंच. मी म्हटलं, होती. म्हटलं, तेल पुरे.

तर तेव्हाच मला कळायला हवं होतं, की ही दुर्गा नव्हे. कळलंही होतं. तरी मार्चमध्ये पोर ओटीत घेतलं.

उद्या शोभाला दवाखान्यात नेते. तुम्हाला विचारत नाही, सांगते आहे.

केसरबाई


सामरवरणी
२२ सप्टेंबर १९९१

विहीणबाई,

पत्र लांब होईल. जेवण करून वाचा.

इथल्या सरकारी दवाखान्यात नलिनीबाई म्हणून डॉक्टरीण आहे, कोकणातली. नखरा नाही. तिने शोभाची बोटं एकेक दाबून बघितली, फार वेळ. मग विचारलं, "कधी बरं वाटतं का?"

शोभाने माझ्याकडे बघितलं. मीच सांगितलं, "पोटुशी असते तेव्हा." मला वाटलं, आता ही हसेल, नाहीतर ओरडेल. तिने लिहून घेतलं. आणि विचारलं, "कितव्या महिन्यापासून?" मग, "बाळंतपणानंतर किती दिवसांनी उलटतं?" शोभा सांगत गेली, ती मान हलवत गेली, जशी आम्ही सांगायच्या आधीच तिला माहीत होतं.

मी म्हटलं, "बाई, तुम्हाला कुणी सांगितलं?"

"हा सांध्यांचा आजार असाच असतो. पुष्कळ बायकांचं असं होतं. दिवस गेले की बरं, बाळंत झालं की उलटतं."

"पुष्कळ म्हणजे इथल्या?"

"सगळीकडच्या. विलायतेतल्यासुद्धा."

मी विचारलं, "त्या सगळ्यांच्या सवती मेल्यात का?"

ती हसली नाही. मला वाटतं शोभाच्या गळ्यातला टाक तिने बघितला. खुर्ची पुढे ओढली आणि सांगत बसली, बाहेर रांग होती तरी. मला समजलं तसं लिहिते, मी सहावी नापास आहे.

आपल्या अंगात राखण करणारे असतात, कारखान्याच्या गेटवर वॉचमन असतात तसे. बाहेरून रोग शिरला की त्याला धरून मारायचं हे त्यांचं काम. शोभाचे वॉचमन बिघडले आहेत. घरच्याच सांध्यांना चोर समजून बडवतात. म्हणून सूज, म्हणून गरम. आता पोटात पोर राहिलं, तर ते अर्धं बापाचं, म्हणजे अर्धं परकं. वॉचमन त्यालाही हाकलतील. म्हणून बाईच्या अंगात तेव्हा वेगळे रस वाढतात, बाईपणाचे, पाळीचे जे असतात तेच, पण पुष्कळ पटीने. ते राखणदारांना सांगतात, बसा खाली, आतलं पोर आपलं आहे. ते बसतात. पोरासाठी बसतात, पण बसल्यामुळे सांध्यांचा मारही थांबतो. पोर बाहेर आलं की ते रस एकदम उतरतात. वॉचमन उठतात आणि परत घर बडवायला लागतात. बाळंतपणानंतर दोनतीन महिन्यांत.

मी विचारलं, मग पुरुषांना? म्हणाली, त्यांचे रस वेगळे, त्यांचे राखणदार थोडे सुस्त. म्हणून हा आजार त्यांना कमी, पण साधा ताप त्यांना जास्त पाडतो. जयवंत दारात उभा होता, मी म्हटलं, ऐकलंस, तुझे वॉचमन झोपाळू. 

मग मी म्हटलं, त्या रसाचीच गोळी द्या ना, पोर कशाला? ती म्हणाली, "देऊन बघितलं आहे डॉक्टरांनी. नुसत्या त्याने भागत नाही. आणखी काय काय होतं तेव्हा, ते आम्हाला अजून पुरतं कळलेलं नाही." विहीणबाई, तुमच्या भगताला सगळं कळलेलं होतं. हिला पुरतं कळलेलं नाही. मी हिच्यावर विश्वास ठेवला.

तिने चिठ्ठी दिली, आम्ही वापीहून मुंबईला मोठ्या दवाखान्यात गेलो. रक्त घेतलं, फोटो काढले. त्यांनीही तेच सांगितलं. येताना वापीच्या स्टँडवर बसची वाट बघत बसलो होतो. शोभा माझ्या खांद्यावर झोपली. मी एवढाच विचार करत होते, की विलायतेतल्या गोऱ्या बाईच्या हातात माझी पोर कशी जाईल? तिला वापीपर्यंत एकटीला यायची भीती वाटायची.

आता मुद्द्याचं. आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी दिली आहे. ती त्या वॉचमनला आवरते. रक्त तपासत राहायचं. पण ती चालू असताना दिवस राहिले तर पोर वेडंवाकडं होईल, म्हणून राहू द्यायचे नाहीत. अंगावरचं पाजायचंही नाही. म्हणजे एक तर गोळी, नाहीतर पोर.

शोभाने गोळीचं पाकीट देवापुढे ठेवलं आणि हातच लावीना. हात लावता येत नव्हता हेही खरं. म्हणाली, "मावशी, पोराने हात सुटतात हे मी दोनदा बघितलं आहे. गोळीने सुटतात हे कुणी बघितलं?"

जयवंत म्हणाला, "आई म्हणते—"

मी म्हटलं, "आई शिंदखेड्याला आहे. चोळीची बटणं तू लावतोस. तुला काय वाटतं ते बोल."

त्याने पाकीट उचललं, परत ठेवलं. मग म्हणाला, "एक बायको मी बाळंतपणात घालवली, मामी." आणि बाहेर गेला. माझा जावई हे वाक्य सात वर्षांत पहिल्यांदा बोलला. दवाखान्यात जाऊन त्याने स्वतःचं ऑपरेशन करून घेतलं. तुम्हाला न सांगता केलं, आता मी सांगितलं. त्याच्यावर ओरडू नका.

तरी शोभा गोळी घेईना. मी विचारलं, आता काय? ती चिमीकडे बघत होती. म्हणाली, "दुर्गाताई नाहीच हातात, असं तुम्ही म्हणता. डॉक्टरीण म्हणते. मग चिमी तुमच्या घरी कशाला आहे?"

विहीणबाई, मी तिला बोलले. नको ते बोलले. भरवलं कोणी, नळावरून आणलं कोणी, सगळं काढलं. ती ऐकत राहिली, जबडा धरलेला, बोलताही येईना धड. मी घरी आले, दार लावलं. चिमी झोपली होती.

आपण एक तर एक धरावं. दुर्गा त्या हातात असेल, तर पोर माझं, आणि शोभाने मरेपर्यंत पोटुशी होत राहावं. दुर्गा नसेल, तर शोभाने गोळी घ्यावी, आणि पोर ज्याचं त्याचं. हातात नाही पण पोर मात्र माझं, असं मला फार वाटत होतं. तसं कुठे बसत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चिमीला तिच्या घरी नेलं. गोधडीसकट. शोभा म्हणाली, "मला उचलता येत नाही, मावशी. थोडे दिवस राहू द्या तुमच्याकडे." मी म्हटलं, उचलायला मी येईन. निजेल तुझ्याजवळ. तिने कोपरांत घेतलं. मग तोंड उघडलं, आणि मी गोळी तिच्या जिभेवर ठेवली.

तुम्ही लिहाल, पोर परत दिलं तर दुर्गा आता माझ्यावर उलटेल. उलटू द्या. माझं दार उघडं असतं.

केसरबाई


सामरवरणी
१५ डिसेंबर १९९१

विहीणबाई,

तुमचं कार्ड मिळालं. तुम्ही रागावलात, बोलून बसलेलं मोडलं म्हणून. देवीला माझं नाव सांगा. माझा पत्ता तिच्याकडे आहे.

पहिले दोन महिने काही फरक नव्हता. उलट गोळीच्या दिवशी मळमळायचं, शोभा भांडायची, जयवंत तोंड पाडून जेवायचा. मी रोज सकाळी जायची, चिमीला उचलायची, न्हाऊ घालायची, शोभाच्या कुशीत टाकून परत यायची. चिमी आता रांगते. मला बघितलं की हसते, शोभाला बघितलं की रडते, घे म्हणून. बरोबर आहे.

नलिनीबाई म्हणाली होती, धीर धरा. मला धीर नाही, हे तुम्हाला माहीत आहे. पण दिवाळी झाल्यावर शोभाने एकदा भाकरी चावून खाल्ली. मग सकाळचं लाकूडपण थोडं थोडं कमी व्हायला लागलं. मी कुणाला बोलले नाही. मागच्या खेपेला घाईने बोलून बसलो होतो.

काल मी त्यांच्या दारात होते. शोभा मोरीवर बसून चादर धूत होती. जयवंताची डबलची चादर, जाड. तिने ती उचलली, दोन्ही टोकं धरली आणि पिळली. पीळ आवळत गेली, पाणी पडायचं थांबेपर्यंत. मग झटकली आणि दोरीवर टाकली. मला बघून म्हणाली, "मावशी, कितवा महिना विचारू नका. पोट रिकामं आहे."

आणि हसत बसली. मग रडत बसली. चिमीही रडायला लागली. मी चुलीवर डाळ ठेवून आले होते, मी परत आले.

घरी आल्यावर मी डाळ उतरवली आणि बसून राहिले. खानावळ रिकामी होती. दारात कुणी नव्हतं. कुणी असल्यासारखंही वाटलं नाही. मी उठून बघितलं, तरी नाही.

विहीणबाई, दोन वर्षं तुम्ही म्हणत होता ती शोभाच्या हातात आहे, आणि मी तुमच्याशी भांडत होते, नाही म्हणून. आता नाही हे ठरलं. पोटात पोर नसताना हात सुटले. तुम्ही हरलात, मी जिंकले.

पण मग ती कुठे आहे, हे मला कुणी सांगत नाही. तिकडे कुठे दिसली तर लिहा. मी येऊन घेऊन जाईन.

केसरबाई